रेड डेडला दहापैकी दहा? थांब जरा

प्रिय चिन्मय,

तुझं रेड डेड रिडेम्प्शन टू या व्हिडिओगेमवरचं परीक्षण वाचलं. दोनदा वाचलं. व्हॉट्सॅपवर नुसता अंगठा पाठवून विषय संपवायचं जिवावर आलं म्हणून हे सविस्तर लिहितेय, तुझी सबमिशनं संपली की निवांत वाच. तुला गेम डिझाइनकडे जायचंय आणि त्यासाठी तू आत्तापासूनच खेळलेल्या गेमवर लिहायची सवय लावून घेतोयस हे मला मनापासून आवडलंय, ते आधी सांगून टाकते कारण पुढे बरंच काही न पटलेलं आहे.

तू गुण दिलेस, ग्राफिक्स दहा, स्टोरी दहा, म्युझिक साडेनऊ, गेमप्ले नऊ, एकूण दहापैकी दहा. मग बर्फातल्या पाऊलखुणा, घोड्याचे हालणारे स्नायू, संध्याकाळचा उजेड, आर्थरचा, म्हणजे आपण ज्याला चालवतो त्या दरोडेखोराचा, आवाज, सगळ्याचं छान वर्णन केलंयस. पण बाळा, हे सगळं तर तुझ्या शेजारी सोफ्यावर बसून नुसतं बघणाऱ्या माणसालाही लिहिता आलं असतं. दिवाळीच्या सुट्टीत मी तशीच तर बसायचे. कंट्रोलर तुझ्या हातात होता, मग गेमने तुझ्या हातांकडून काय काय करून घेतलं, कुठे तुला नको म्हणायचं होतं आणि म्हणता आलं नाही, कुठे थांबायचं होतं आणि गेमने थांबू दिलं नाही, यातलं एक वाक्यसुद्धा त्यात नाही. माझ्या मते गेमची परीक्षा तिथेच होते. सिनेमा कसा दिसतो, कसा ऐकू येतो, गोष्ट काय, नट कसे, हे सगळं सिनेमाचे परीक्षक शंभर वर्षं लिहितायत, तेवढंच लिहायचं असेल तर गेमवर वेगळं लिहायची गरजच काय.

तू गेल्यावर पीएस फोर इथेच राहिला आणि तो गेम मी स्वतः पहिल्यापासून खेळले हे तुला माहितीये. मला बँकेच्या वसुलीत इतकी वर्षं झाल्यामुळे असेल, पण मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं पात्र आर्थर वाटलं नाही, टोळीचा म्होरक्या डच तर नाहीच नाही. मला तो स्ट्रॉस वाटला. तुझ्या एवढ्या मोठ्या लिखाणात स्ट्रॉसचं नावही नाहीये.

आठवतंय ना, १८९९ साल, आर्थरची टोळी पळत पळत आलीय, पैसे नाहीत, आणि हा शांत, नीटनेटका, चष्मा लावणारा माणूस गरजू लोकांना भरमसाट व्याजाने पैसे देतो आणि वसूल करायला आर्थरला पाठवतो. म्हणजे तुला पाठवतो. एक तो पोलिश शेतकरी, व्रोबेल, त्याला धड इंग्रजी येत नाही, तो काय बोलतो ते आपल्याला कळत नाही आणि आपण त्याच्या घरातल्या किमती वस्तू शोधत फिरतो. मी तिथे कंट्रोलर खाली ठेवला होता. आमच्या खात्यात जप्तीला जाताना सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला लागतो, पंचनामा लागतो, आणि वसुलीचा साधा फोन करायचा तरी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर करायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. हे सगळे नियम का आले ते या एका प्रसंगात कळतं. समोरच्याला आपली भाषा येत नाही, त्याच्या बाजूने बोलणारं कोणी नाही, आणि आपल्या हातात यादी आहे.

आणि मग डाउन्स. व्हॅलेंटाइन गावात भांडण सोडवायला मध्ये पडणारा तो आजारी माणूस. त्याच्या घरी जाऊन त्याला मारायचं, बायको आणि मुलगा बाहेर येतात, तो खोकतो, रक्त आर्थरच्या तोंडावर उडतं. तुझ्यासाठी तेव्हा ते नकाशावरचं एक पिवळं चिन्ह होतं, झालं, पुढे गेलास, मी बघत होते ना, पुढच्या पंधरा मिनिटांत तू मासे पकडत होतास. त्यानंतर कितीतरी तास जातात. ट्रेन लुटून होते, गाव बदलतात, कॅम्प बदलतो, आणि मग सेंट डेनिसमध्ये आर्थर रस्त्यात कोसळतो आणि डॉक्टर सांगतो टीबी आहे. तेव्हा कळतं की तो डाउन्सकडून आला. त्या वसुलीतून आला.

हे सिनेमातही दाखवता येईल, पण सिनेमात ते आर्थरने केलं असं होईल, आणि दोन तासांत संपणार असल्यामुळे ते आपण विसरलेलोही नसू. इथे ते तू केलंस, आणि केल्यावर पार विसरून गेलास, आणि विसरायला पुरेसा वेळ गेममध्ये मुद्दाम ठेवलेला आहे. इतकी लांबी, इतकं भटकणं, शिकार, दाढी वाढणं, या सगळ्याचा खरा उपयोग तो आहे असं मला वाटतं. तू लांबी हा प्लस पॉइंट म्हणून लिहिलंयस पण का ते लिहिलं नाहीस, नुसतं "भरपूर कंटेंट आहे" म्हटलंयस. भरपूर तर बऱ्याच गेममध्ये असतं रे. इथे लांबीने काम केलंय, ते काम काय ते लिही. आणि सहाव्या चॅप्टरमध्ये स्ट्रॉस पुन्हा वसुलीला पाठवतो, तेव्हा कर्ज माफ करायचा पर्याय मिळतो, आणि शेवटी आर्थर स्ट्रॉसला कॅम्पमधून हाकलून देतो. मी माफ केलं तेव्हा मला जे वाटलं ते इथे लिहीत बसत नाही, सुट्टीत आलास की सांगेन.

आता उणी बाजू, आणि माझ्या मते ती लहान नाहीये. डाउन्सला न मारता पुढे जाता येत नाही. ठीक आहे, तिथे ती सक्ती गोष्टीसाठी गरजेची आहे, मी ते मान्य करते. पण हा गेम मिशन चालू झालं की प्रत्येकच ठिकाणी तसा वागतो. बाहेर मोकळ्या रानात वाट्टेल ते कर, आणि मिशनमध्ये दहा पावलं बाजूला गेलास की फेल. मागून गेलं तर, वाटाघाटी केल्या तर, यातलं काहीही चालत नाही, सांगितलंय त्या पिंपामागे लप, सांगितलंय तेव्हा गोळी मार. बाहेर विचार करायला शिकवायचं आणि आत आल्यावर विचार करायला बंदी. आणि टीबी झाल्यावर आर्थर वहीत इतकं सुंदर लिहितो, पश्चात्ताप, आयुष्य, आणि पुढच्याच मिशनमध्ये तू वीस-तीस माणसं मारतोस, ज्यांच्याबद्दल वहीत एक ओळ नाही. गोष्ट एक सांगते आणि हात दुसरंच करतात. याला लुडोनॅरेटिव्ह डिसोनन्स म्हणतात, क्लिंट हॉकिंगने २००७ मध्ये बायोशॉक या गेमबद्दल लिहिताना हा शब्द वापरला, तुला तो माहितीच असेल, मग जिथे तो वापरायला हवा तिथे का वापरला नाहीस?

आणि आर्थर किती सज्जन ते मोजणारं ते ऑनरचं मीटर! मला त्याचा खरंच राग आला. रस्त्याने येणाऱ्याजाणाऱ्याला हॅलो म्हटलं की ऑनर वाढतो, पकडलेला मासा परत पाण्यात सोडला की वाढतो. म्हणजे सकाळी एखाद्याला लुटायचं आणि दुपारभर गावातून रामराम करत फिरायचं की खातं पुन्हा जमा बाजूला. इतक्या गंभीर गोष्टीत इतका स्वस्त हिशोब कसा काय ठेवला? ज्या लेखकांनी डाउन्सचा प्रसंग लिहिला त्यांनाच हे चालून गेलं, याचं मला नवल वाटतं. दहापैकी दहा देताना या मीटरचं काय करायचं ते तू ठरवलं पाहिजेस. चालेल म्हण हवं तर, पण दिसलं नाही असं व्हायला नको.

पेपर्स प्लीज हा गेम खेळ, नाही खेळलास तर. २०१३ चा आहे, लुकास पोप नावाच्या एका माणसाने केलाय, आता मोबाईलवरही मिळतो, मी तिथेच खेळले. आर्स्टोट्झका नावाचा काल्पनिक देश, १९८२ साल, आणि आपण सीमेवरच्या चौकीत बसून पासपोर्ट तपासायचे. दिसायला काहीच नाही, मळकट रंग, जाडे पिक्सेल, तुझ्या पद्धतीने ग्राफिक्सला तीन मिळाले असते. बरोबर तपासलेल्या माणसामागे पाच क्रेडिट, संध्याकाळी घरभाडं, जेवण, घर गरम ठेवायचा खर्च, आजारी माणसाचं औषध. रोज नवीन नियम येतो, रोज एक कागद वाढतो. एक नवरा-बायको येतात, नवऱ्याचे कागद बरोबर असतात, बायकोचं परमिट नसतं. सोडलं तर आपली चूक धरली जाते, पहिल्या दोन चुका माफ आणि तिसरीपासून पैसे कापतात. मी बँकेत रोज केवायसीचे कागद बघते, फोटो जुळतो का, सही जुळते का, पत्ता कुठला, त्यामुळे माझा हात त्या लाल शिक्क्याकडे किती सवयीने गेला ते मला दिसलं. कोणी मला ओरडून सांगितलं नाही की नोकरशाही वाईट असते. शिक्का माझ्या हातात होता, मुलाचं औषध बाकी होतं आणि मागे रांग होती. तिथे नको म्हणता येतं, सोडून देता येतं, पण त्याची किंमत संध्याकाळच्या हिशोबात दिसते. एका माणसाने केलेल्या गेममध्ये हे आहे आणि हजारो माणसांनी वर्षानुवर्षं खपून केलेल्या गेममध्ये त्या जागी हॅलोचं बटण आहे.

गेम न बोलता शिकवतात ही त्यांची दुसरी ताकद, आणि ती तुमच्या पिढीला दिसतच नाही कारण आता प्रत्येक गेम सुरुवातीला तासभर पाट्या दाखवत बसतो. आमच्या लहानपणी टीव्हीला जोडायचा तो व्हिडिओगेम असायचा, पिवळ्या कॅसेटवर नऊ लाख नव्याण्णव हजार गेम लिहिलेले आणि आत तेच दहा-बारा उलटसुलट, मारिओ, कॉन्ट्रा, रणगाड्याचा, गाडीचा. कॅसेट चालली नाही की फुंकर मारायची. सूचना असल्या तर जपानी नाहीतर इंग्रजी, आम्हाला दोन्ही सारखंच, आणि तरी वाड्यातल्या प्रत्येक पोराला मारिओ खेळता यायचा. का? पहिला स्क्रीन आठव. मारिओ डाव्या बाजूला, उजवीकडे रिकामी जागा, म्हणजे उजवीकडे जायचं. चमकणारा चौकोन, खाली तो तपकिरी गुम्बा चालत येतो, उडी मारली नाही तर मरतोस, आणि मेलास तरी काही गेलं नाही कारण दोनच पावलं चालला होतास. उडी मारली की डोकं चौकोनाला लागतं, मशरूम निघतो, तो पाइपला आपटून तुझ्याकडेच परत येतो, पळायला जागा नसते, अंगावर येतो आणि तू मोठा होतोस. न सांगता चार गोष्टी कळल्या. मारिओ बनवणाऱ्या मियामोटो आणि त्याच्या माणसांनी १९८५ मध्ये केलंय हे. अक्षरं न वाचता येणारं पोरही त्यातून शिकतं. तुला डिझाइन शिकायचंय तर महागडा कोर्स बघण्याआधी तो पहिला स्क्रीन वहीत काढून बघ आणि प्रत्येक वस्तू तिथेच का ठेवलीय ते लिही.

आपल्याकडच्या गेमबद्दल पण तुला सांगायचं होतं कारण तू राजी या गेमबद्दल त्या दिवशी फोनवर फार हळवा होऊन बोललास. राजी पुण्यातल्या नॉडिंग हेड्सने केला, २०२० मध्ये आला, त्याआधी २०१७ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर पैसे मागितले होते ते जमले नाहीत, तरी त्यांनी पूर्ण केला, याचं मला प्रचंड कौतुक आहे. राजस्थानी वाडे, भिंतीवरची चित्रं, सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेली गोष्ट, देवीचा त्रिशूळ घेतलेली मुलगी, असं पडद्यावर आधी कुठे होतं? पण मारामारी पटकन तीच ती होते, कॅमेरा कधीकधी इतका लांब जातो की राजी कुठे आहे ते शोधावं लागतं, आणि गोष्ट तर ऐन रंगात आल्यावर तुटल्यासारखी संपते. आपल्या माणसांनी केलाय म्हणून हे झाकायचं नाही. झाकलंस तर त्यांचा पुढचा गेम सुधारेल कसा, आणि बाहेरचे लोक तुझ्या कौतुकावर विश्वास तरी का ठेवतील?

वेन्बा हा गेम बघ त्याच्या उलट. कॅनडात गेलेली तमिळ आई, नवरा, मुलगा कविन, मुलाला घरचं नको, पिझ्झा हवा. आईच्या आईची फाटलेली पाककृतींची वही, आणि फाटलेल्या ओळींच्या जागी काय असेल ते आपण स्वयंपाक करून शोधायचं. इडलीपात्राच्या ताटल्या एकावर एक कशा रचायच्या की वाफ सगळीकडे जाईल, हे कोडं आहे त्यात. मला उत्तर माहिती होतं, तुझ्या बाबांना माहिती नव्हतं, आणि त्यांनी दोनदा चुकून केलं तेव्हा त्या कोड्याची हुशारी मला जास्त कळली, कारण हातांना माहिती असलेली गोष्ट पुढच्या पिढीच्या हातांत उतरली नाही की काय होतं तेच तर त्या गेमचं सांगणं आहे. २०२४ ला ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांत पदार्पणाच्या गेमचं बक्षीस मिळालं त्याला. तरी माझी तक्रार आहे. रांधायचे प्रसंग मोजके, आणि मधल्या संवादांत आपण काय निवडतो त्याने फार फरक पडत नाही, म्हणजे रडवणारा भाग वाचायचा आणि हुशार भाग खेळायचा असे दोन तुकडे पडतात. दीड-दोन तासांत संपतो हे मात्र मला उलट आवडलं. सांगायचं होतं ते सांगितलं आणि आपल्याला मोकळं केलं.

कारण जे गेम संपतच नाहीत त्यांचं मला खरं भय वाटतं, आणि या बाबतीत मी तुझ्याशी बँकेतली बाई म्हणूनच बोलणार. तुझ्या मावसबहिणीच्या फोनवरचा गेन्शिन हा गेम मी नीट बसून बघितला. जग सुंदर आहे, संगीत सुंदर आहे, फिरायला मजा येते, फुकट आहे, सगळं खरं. आता पैशांचं बघ. खऱ्या पैशांनी जेनेसिस क्रिस्टल घ्यायचे, त्याचे प्रिमोजेम करायचे, १६० प्रिमोजेमचा एक फेट, आणि त्या एका फेटची एक विश, म्हणजे एक सोडत. पाच ताऱ्यांचं कुठलंही पात्र निघायची मूळ शक्यता ०.६ टक्के. ९० व्या विशला पाच ताऱ्यांचं काहीतरी नक्की मिळतं, पण तेही आपल्याला हवं तेच असेल असं नाही. आता मला सांग, एका पात्राला रुपये किती लागतील? तुला कॅल्क्युलेटर घ्यावा लागेल, आणि तो घ्यावा लागावा यासाठीच मध्ये इतक्या पायऱ्या आहेत. आमच्याकडे १ ऑक्टोबर २०२४ पासून साधं कर्ज दिलं तरी एका कागदावर वर्षाला सगळं मिळून किती टक्के पडणार ते लिहून द्यावं लागतं, कारण माणसाला व्याज वेगळं, प्रोसेसिंग फी वेगळी, विमा वेगळा असं तुकड्यातुकड्यांत सांगितलं की खरा आकडा दिसत नाही. तीच युक्ती इथे बारा-तेरा वर्षांच्या पोरांवर चालते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये गेन्शिनच्या कंपनीकडून २ कोटी डॉलर घेतले आणि १६ च्या आतल्यांना पालकांच्या संमतीशिवाय लूट बॉक्स, म्हणजे आत काय निघेल ते न कळता घ्यायच्या पेट्या, विकू नका म्हणून सांगितलं. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये फोर्टनाइटवाल्या एपिकचं ५२ कोटी डॉलरचं प्रकरण झालं, त्यातले २४ कोटी ५० लाख नुसत्या फसव्या बटणांपायी, स्क्रीन झोपेतून जागा करताना बटण दाबलं तरी खरेदी होऊन जायची. बेल्जियमने तर २०१८ मध्येच लूट बॉक्स म्हणजे जुगार असं सांगून टाकलं. बटण कुठे ठेवायचं हेही डिझाइनच आहे रे, आणि मारिओमध्ये मशरूम परत आपल्याकडे वळवणारी हुशारी आणि ही हुशारी एकाच जातीची आहे. कुठे वापरायची ते तुम्ही ठरवणार.

आणि तुझा रेड डेड यातून सुटत नाही. त्याच्या ऑनलाइन भागात जा, तिथे खऱ्या पैशांनी सोन्याच्या विटा विकत मिळतात. ज्या गेममध्ये स्ट्रॉसला हाकलून देतात त्याच गेमच्या दुसऱ्या खोलीत दुकान उघडलेलं आहे.

इथे आमच्या टेबलावर जे येतं ते तर याहून वाईट. थकीत खातं एनपीएत, म्हणजे बुडीत कर्जाच्या यादीत, गेलं की मी स्टेटमेंट काढते आणि ओळीमागे ओळ रमीच्या ॲपला गेलेले पाचशे, दोनशे, हजार दिसायचे. एक बाई नवऱ्याचं पासबुक घेऊन आल्या होत्या, त्यांना त्या ओळी म्हणजे काय तेच माहिती नव्हतं, मला वाचून दाखवाव्या लागल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला, त्यात ई-स्पोर्ट्सला वेगळं धरलंय, मला तो कायदा योग्य वाटतो. पण बदल्यात पैसे जिंकून देण्याचं आमिष न दाखवता नुसतेच पैसे काढून घेणारे गेम उरतातच, आणि त्यांच्याबद्दल कायदा येईपर्यंत तुझ्यासारख्यांनी लिहिलेली परीक्षणंच काय ती लोकांच्या हातात असतात. म्हणून म्हणते की परीक्षणात किंमत लिहायची म्हणजे दुकानातली किंमत नाही. महिना खेळल्यावर किती गेले, खेळायला उघडलं नाही त्या दिवशी काय गमावतो असं गेम सांगतो, रोज हजेरी मागतो का, ते लिही.

गेमने पोरं बिघडतात, हिंसक होतात, हे तुझे काका दर गणपतीत म्हणतात आणि तू दर गणपतीत भांडतोस. हिंसेचं म्हणशील तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात २०११ मध्ये ते पुरावे टिकले नाहीत, सात विरुद्ध दोन. पण म्हणून व्यसन वगैरे सगळं थोतांड असं तू म्हणतोस ते मला मान्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंग डिसऑर्डर आजारांच्या यादीत घेतलाय, १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे, आणि त्याचं वर्णन खूप सावध आहे, खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी आयुष्यापेक्षा खेळणं मोठं होतं, नुकसान होताना दिसूनही चालूच राहतं, आणि हे साधारण वर्षभर. किती तास खेळला याचा त्यात आकडाच नाही. काकांना हे सांग, आणि स्वतःलाही सांग.

आणखी एक, तू त्या क्षेत्रात नोकरी करायला निघालायस म्हणून. रेड डेड यायच्या आधी ऑक्टोबर २०१८ मध्ये तो गेम करणाऱ्या रॉकस्टार कंपनीच्या डॅन हाउझरने मुलाखतीत आठवड्याला शंभर तास काम केल्याचं अभिमानाने सांगितलं, गदारोळ झाल्यावर ते फक्त आम्हा चार लेखकांचं आणि तीन आठवड्यांपुरतं होतं असा खुलासा केला, आणि मग तिथल्या बाकीच्या लोकांनी आपापले तास सांगायला सुरुवात केली. सायबरपंक या गेमवाल्यांनी सक्तीचं जादा काम करून घेणार नाही म्हटलं होतं आणि सप्टेंबर २०२० मध्ये सहा दिवसांचा आठवडा केला, तरी डिसेंबरमध्ये गेम अशा अवस्थेत आला की सोनीने आठवड्याभरात आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला. इतकं रक्त आटवून गेम चांगला होतोच असंही नाही. ज्या घोड्याच्या स्नायूंचं तू तीन ओळी कौतुक केलंयस ते कोणीतरी रात्री जागून केलेत, तेही परीक्षणात यायला काय हरकत आहे. मुलाखतीला गेलास की पगाराआधी हे विचार, रिलीजच्या आधीचे तीन महिने कसे असतात म्हणून. पुण्यात, मुंबईत युबिसॉफ्ट या गेम कंपनीची मोठी ऑफिसं आहेत, आणखीही स्टुडिओ आहेत, सगळीकडे विचार.

युबिसॉफ्टवरून आठवलं, तू गेम डिजिटलच घेतोस, डिस्क कशाला लागते म्हणतोस. द क्रू नावाचा गाड्यांचा गेम होता त्यांचा, पैसे देऊन विकलेला, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि एकट्याने खेळायचा भागही त्याबरोबर गेला. युरोपात त्यावरून सह्यांची मोहीम झाली, जुलै २०२५ मध्ये दहा लाखांच्या वर सह्या गेल्या. विकत घेतलेली वस्तू विकणाऱ्याच्या मर्जीवर आपल्याकडे राहते, हेही वजा बाजूला लिहायचं असतं.

तर रेड डेडचं पुन्हा लिही. आकडे काढून टाक. डाउन्सपासून सुरुवात केलीस तर मला जास्त आवडेल पण तुला दुसरं काही सुचत असेल तर ते, मी सांगितलं म्हणून नको. आणि एका बाबतीत मला तुझं मत खरंच हवंय. पाचव्या चॅप्टरमधलं ते ग्वार्मा बेट मला पूर्ण वाया गेलेलं वाटलं, घोडा नाही, भटकणं नाही, नुसत्या गोळ्या, गोष्टीलाही काही मिळत नाही. तू मात्र त्याला "ब्रिलियंट" म्हटलंयस आणि कारण दिलेलं नाहीस. का ब्रिलियंट ते लिहून पाठव, मी ते पुन्हा खेळून बघते.

डब्यातला चिवडा संपला असेल तर सांग, शनिवारी बाबा पुण्याला येतायत, देते त्यांच्याबरोबर.

तुझी,
आई